लोथलचा कावळा

गेले दोन शनिवार दांडी झाली. कारण नेहमीचंच, रिलीज. तेव्हा भरपाई म्हणून आजचं जरा लांबलचक आहे, चहा घेऊनच बसा.

तर झालं असं. माझी भाची सहावीत आहे. तिला शाळेत इतिहासाचा प्रकल्प मिळाला, विषय 'आपली प्राचीन कला'. तिने चार्टपेपरवर एक मोठं मडकं काढलं. मडक्यावर झाड, झाडावर चोचीत मासा धरलेले पक्षी, झाडाखाली कोल्हा. आणि त्याखाली ठळक अक्षरात, 'लोथलच्या लोकांना ४००० वर्षांपूर्वीच पंचतंत्र माहीत होते.' ताईने कौतुकाने फोटो पाठवला. मी (स्वभावाला औषध नाही) लगेच फोन करून विचारलं, "हे कशावरून गं?"

"मामा, चित्रातच तर आहे!"

आता यावर काय बोलणार? मी "छान काढलंयस" म्हणून फोन ठेवला, पण डोक्यातून ते जाईना. कारण तिने हे स्वतःच्या मनाने लिहिलेलं नव्हतं. हे वाक्य थोड्याफार फरकाने पुष्कळ ठिकाणी छापलेलं आहे, आणि त्याच्यामागे एक मोठा पुरातत्त्वज्ञ आहे.

लोथल म्हणजे अहमदाबादच्या नैऋत्येला, खंभातच्या आखातापासून फार लांब नसलेलं हडप्पाकालीन गाव. १९५४ साली सापडलं आणि १९५५ पासून शि. र. राव यांनी तिथे उत्खनन केलं. हेच राव पुढे १९७४ मध्ये आपल्या प्रवरेकाठी दायमाबादलाही खणायला आले होते. लोथलला विटांचा तो प्रसिद्ध मोठा हौद सापडला, मणी सापडले, मुद्रा सापडल्या, आणि अर्थात ढिगांनी खापरं सापडली. त्यांतल्या एका भांड्यावर झाड, मासे धरलेले पक्षी आणि खाली कोल्ह्यासारखा प्राणी असं चित्र आहे. रावांना त्यात कावळा आणि लबाड कोल्ह्याची गोष्ट दिसली. दुसऱ्या एका छोट्याशा भांड्यावर हरिण आणि पक्षी आहे. तिथे त्यांना तहानलेला कावळा दिसला. हरणाचं तोंड अरुंद गळ्याच्या भांड्यात जाईना, कावळ्याने मात्र खडे टाकून पाणी वर आणलं, अशी ती गोष्ट त्यांनी लावली. आणि हे सगळं पंचतंत्राशी जोडलं गेलं.

ऐकायला फार गोड आहे. पण पहिली पंचाईत अशी की या दोन्ही गोष्टी पंचतंत्रातल्या नाहीतच! पंचतंत्रात कावळे भरपूर आहेत, काकोलूकीयम् नावाचं अख्खं एक तंत्र कावळ्या-घुबडांच्या वैराचं आहे. पण घड्यात खडे टाकणारा कावळा आपल्याकडे आला तो इसापाच्या नावावरच्या गोष्टींमधून, म्हणजे ग्रीकांकडून. तोंडातला घास गाण्याच्या नादात घालवणारा कावळाही इसापाचाच. त्याचा एक चुलतभाऊ पाली जातककथांमध्ये आहे, तिथे कोल्हा जांभळाच्या झाडावरच्या कावळ्याची स्तुती करतो. आपण लहानपणी या सगळ्या गोष्टी एकाच कळकट पुस्तकात वाचल्या, म्हणून आपल्या डोक्यात त्या सगळ्या एकाच फोल्डरमध्ये पडल्या आहेत. एवढंच.

दुसरी पंचाईत काळाची. लोथलची भरभराट इसवी सनपूर्व २४०० ते १९०० च्या सुमारास. पंचतंत्र लिहून झालं ते फार मागे खेचलं तरी इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकाच्या आसपास. मधली दीड-दोन हजार वर्षं नुसती रिकामी. गोष्टी तोंडी टिकतात हे मला मान्य आहे, पण टिकताना त्या बदलतात. माझ्या लहानपणी कावळ्याच्या चोचीत भाकरीचा तुकडा होता, भाचीच्या पुस्तकात चीज आहे. तीस-पस्तीस वर्षांत एवढा फरक, तर दोन हजार वर्षांत कावळा कावळा तरी राहिला असेल का?

आणि तिसरी पंचाईत मला सगळ्यात जास्त छळते. हरिण. मी ऐकलेल्या तहानलेल्या कावळ्याच्या एकाही गोष्टीत हरिण नाही. म्हणजे चित्रात जे आहे ते गोष्टीत नाही. मग चित्राला बसेल अशी हरणाची भूमिका गोष्टीत घालावी लागली. आमच्या धंद्यात याला ओव्हरफिटिंग म्हणतात. समोरच्या माहितीला मॉडेल बसत नाही, की मॉडेलमध्ये एक कप्पा वाढवायचा. आता शंभर टक्के बसतं! फक्त त्याने काही सिद्ध होत नाही.

(जाता जाता, कावळ्याची बाजूही मांडायला हवी. २००९ साली केंब्रिजच्या संशोधकांनी कावळ्याच्याच कुळातल्या रूक पक्ष्यांना नळीत पाणी, पाण्यावर तरंगती अळी आणि शेजारी खडे दिले. पठ्ठ्यांनी खरंच खडे टाकून पाणी वर आणलं आणि अळी खाल्ली. तेव्हा ज्याने कुणी ही गोष्ट प्रथम सांगितली तो निव्वळ थापाड्या नव्हता.)

आता लोथलचा भूगोल बघा. तिथून काही अंतरावर उत्तरेला नळ सरोवर आहे, जिथे आज पक्षी बघायला लोक जातात. शेजारी खाडी, दलदल, पावसाळ्यात पाणीच पाणी. बगळे, करकोचे, पाणकावळे यांनी चोचीत मासा धरून बसणं हे तिथलं रोजचं दृश्य. झाडाखाली एखादा कोल्हा टपून बसलाय की वरून मासा पडला तर बरं, हेही रोजचंच. कुणी कलावंताने सकाळी पाहिलेलं दुपारी भांड्यावर उतरवलं असेल. मग त्याला गोष्टीची गरजच काय?

पण थांबा. असं म्हणून मी तरी काय केलं? रावांच्या गोष्टीच्या जागी माझं निसर्गचित्र ठेवलं. मला पक्षी बघायची आवड आहे, म्हणून मला पक्षी दिसले. त्यांचा जीव प्राचीन संस्कृतीची परंपरा जुळवण्यात होता, त्यांना पंचतंत्र दिसलं. मडकं दोघांनाही नाही म्हणत नाही, आणि हो पण म्हणत नाही.

इथपर्यंत सगळं गमतीचं आहे. चार्टपेपरवर एक वाक्य चुकलं तर आभाळ कोसळत नाही. पण याच प्रकाराने एकदा फार मोठा गोंधळ झालेला आहे, तो सांगतो.

हडप्पाला, म्हणजे मूळ हडप्पा गावी, आजच्या पाकिस्तानातल्या पंजाबात, १९२०-३० च्या दशकांत माधोस्वरूप वत्स खोदकाम करत होते. तिथे एक दफनभूमी सापडली, तिचं नाव 'सिमेटरी एच'. तिच्या वरच्या थरात मोठमोठे रांजण होते, आणि रांजणात माणसांची हाडं. त्या रांजणांवर काळ्या रंगात काढलेले मोर आहेत. काय मोर आहेत महाराजा! त्यांचं अंग पोकळ गोल काढलंय, आणि काही मोरांच्या त्या गोलात चक्क आडवा माणूस आहे. दुसऱ्या एका चित्रात गुरं आहेत, त्यांना धरून उभा असलेला माणूस आहे, शेजारी कुत्र्यासारखा प्राणी आहे.

वत्सांना वेद येत होते. अंत्यविधीच्या भांड्यावर कुत्रा दिसल्यावर त्यांना ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले यमाचे कुत्रे आठवले. मोराच्या पोटातला माणूस म्हणजे परलोकी जाणारा मृताचा सूक्ष्म देह, असा अर्थ त्यांनी लावला. त्यांचा ग्रंथ १९४० साली आला. प्रामाणिकपणे सांगायचं तर हा अर्थ लोथलच्या कावळ्याइतका ढिला नाही. निदान भांडं थडग्यातलं आहे, म्हणजे चित्राचा मृत्यूशी काही संबंध असेल असं मानायला जागा आहे. चित्र कुठे सापडलं हा फार मोठा पुरावा असतो. चित्रात काय आहे यापेक्षाही मोठा, असं माझं मत आहे.

पण पुढे बघा काय झालं. रांजणांवरची चित्रं वैदिक, म्हणजे रांजण करणारे वैदिक. भांड्यांची ढब आधीच्या हडप्पा भांड्यांपेक्षा वेगळी, म्हणजे माणसंही वेगळी, बाहेरून आलेली. १९४६ मध्ये मॉर्टिमर व्हीलर हडप्पाला आले, त्यांना तटबंदी सापडली. मोहेंजोदडोच्या वरच्या थरात अस्ताव्यस्त पडलेले सांगाडे आधीच सापडले होते. १९४७ मध्ये त्यांनी हे सगळं एका माळेत ओवलं. इंद्राने किल्ले फोडले, आर्यांनी शहरं बुडवली, आणि सिमेटरी एचचे लोक हे कदाचित तेच आक्रमक. व्हीलर लष्करातले अधिकारी होते, त्यांना लढाई दिसली. झालं. पुढची कित्येक वर्षं शाळेच्या पुस्तकांत घोड्यावरून आलेले आर्य हडप्पा जाळताना दिसू लागले. आणि त्यावरून आपल्या देशात कोण मूळचे आणि कोण उपरे, याचं जे राजकारण झालं आणि अजून होतंय, ते मी तुम्हाला सांगायला नको.

१९६४ साली जॉर्ज डेल्स यांनी मोहेंजोदडोच्या त्या सांगाड्यांचा हिशोब मांडून दाखवला, की ते सगळे एका थरातले नाहीत, एका वेळचे नाहीत, आणि कत्तलीला पुरावा नाही. १९८६ पासून डेल्स आणि केनॉयर यांच्या चमूने हडप्पाला नव्याने उत्खनन केलं. त्यात असं दिसलं की सिमेटरी एचची भांडी एका रात्रीत आलेली नाहीत. आधीच्या हडप्पा भांड्यांमधून ती हळूहळू बदलत गेली, इसवी सनपूर्व १९०० नंतर, त्याच गावात.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर लोक मला कुठल्यातरी कंपूत टाकतील. मध्य आशियाकडच्या गवताळ प्रदेशातून लोक इकडे आले की नाही हा प्रश्न वेगळा आहे. त्याचा पुरावा आता जनुकांच्या अभ्यासातून आलाय. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या डीएनए अभ्यासानुसार इसवी सनपूर्व दुसऱ्या सहस्रकात असं स्थलांतर झालं. ते मान्य करायला माझी काही हरकत नाही. पण हे मोराने सांगितलेलं नव्हतं. मोराच्या तोंडी ते घातलं गेलं होतं.

आणि भांडी बदलली म्हणजे माणसं बदलली, या तर्काबद्दल काय बोलावं? माझ्या आजीच्या स्वयंपाकघरात तांब्या-पितळेची भांडी होती, कल्हईवाला यायचा. आईच्या लग्नानंतर काही वर्षांत सगळं स्टेनलेस स्टीलचं झालं. कल्हई गेली, बंब गेला. ३००० सालचा पुरातत्त्वज्ञ आमचा वाडा खणेल तेव्हा लिहील, की विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोलादी लोकांनी पुण्यावर स्वारी केली आणि पितळी लोकांचा नायनाट केला :-)

स्टीलच्या भांड्यांवरून आठवलं. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालायची पद्धत आहे (की होती?). बोहारणीकडून घेतलेलं असो की लग्नात आलेलं, मशिनने टिंबाटिंबांचं नाव आणि तारीख. पुरातत्त्वज्ञाला यापेक्षा काय हवं! असं भाग्य जगात काही लोकांना लाभलेलं आहे, आणि त्यांत पहिला नंबर ग्रीक भांडी अभ्यासणाऱ्यांचा.

फ्लोरेन्सच्या संग्रहालयात 'फ्रान्स्वा व्हाझ' म्हणून एक मोठं दोन कानांचं भांडं आहे, इसवी सनपूर्व ५७० च्या आसपासचं, अथेन्समध्ये बनलेलं. त्यावर दोनशेहून अधिक आकृत्या आहेत आणि शंभराहून अधिक ठिकाणी अक्षरं लिहिलेली आहेत. एर्गोटिमोसने घडवलं, क्लिटिआसने रंगवलं, हेही लिहिलंय. वीरांची नावं आहेत, डुकराच्या शिकारीतल्या कुत्र्यांची नावं आहेत, इतकंच काय, एका घागरीच्या चित्रावर 'घागर' असं लिहिलंय आणि कारंज्यावर 'कारंजं'! दर ओळीला कॉमेंट लिहिणारा एखादा नवखा प्रोग्रॅमर असतो ना, तसा हा क्लिटिआस. त्याला हसणारे आपण. पण अडीच हजार वर्षांनी त्याचाच कोड वाचता येतोय. (१९०० साली संग्रहालयाच्या एका रखवालदाराने रागाच्या भरात या भांड्यावर स्टूल फेकून त्याचे ६३८ तुकडे केले. ते पुन्हा जोडलंय. बॅकअप नसलेली सिस्टीम परत उभी करण्याची याहून भारी कथा मला माहीत नाही.)

आणि इतकं असूनही काय झालं माहितीये? ही ग्रीक भांडी अठराव्या शतकात सापडत होती ती इटलीतल्या थडग्यांमध्ये. म्हणून लोकांनी ठरवून टाकलं की ती इटलीतल्या जुन्या एट्रुस्कन लोकांची. इंग्लंडच्या जोसाया वेजवुडने १७६९ मध्ये तशा धर्तीची भांडी बनवायला कारखाना काढला आणि कारखान्याचं नावच ठेवलं 'एट्रुरिया'. अक्षरं ग्रीक, कथा ग्रीक, आणि पाटी एट्रुस्कन! मगाशी मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, की कुठे सापडलं हा सगळ्यात मोठा पुरावा. तो असा तोंडावर पाडतो. भांडी फिरतात. विकली जातात, अहेरात दिली जातात. आमच्या घरी एक तांब्या आहे, त्यावर 'पुष्पा, १९६८' असं कोरलंय. आमच्या घराण्यात पुष्पा नावाचं कुणीही नाही, कधीच नव्हतं. आजी सांगायची की कुठल्याशा लग्नाच्या पंगतीत आमचा तांब्या गेला आणि हा आला.

असो. दुसऱ्यांच्या चुका काढून झाल्या, आता स्वतःची.

मध्य प्रदेशात नर्मदेच्या काठी अहिल्याबाईंचं महेश्वर. समोरच्या दक्षिण तीरावर नावडाटोली. तिथे पन्नासच्या दशकात ह. धी. सांकलिया आणि डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी उत्खनन केलं आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं ताम्रपाषाणयुगातलं गाव बाहेर काढलं. भांड्यांची नुसती रेलचेल. तांबूस-पिवळसर पृष्ठभाग, त्यावर काळ्या किंवा गडद तपकिरी रंगात जाळ्या, त्रिकोण, शंकरपाळे, हरणं. आणि काही खापरांवर हातात हात घालून ओळीने नाचणारी माणसं. अशा एका खापराचं चित्र मी पहिल्यांदा पाहिलं आणि मोठ्याने ओरडलो, "तारपा!" डहाणू-जव्हारकडे वारल्यांचा तारपा नाच असतो तो. कंबरेला हात धरून साखळी, आणि वारली चित्रांत तर तो आपण ग्रीटिंग कार्डापासून मेट्रोच्या भिंतीपर्यंत पाहिलेला. झालं, माझ्या डोक्यात लेख तयार. 'साडेतीन हजार वर्षांचा तारपा'. दोन परिच्छेद लिहूनही झाले होते.

मग जरा वाचलं. आणि कळलं की हात धरून नाचणाऱ्या माणसांची रांग ही इराणमधल्या, मेसोपोटेमियातल्या कित्येक हजार वर्षं जुन्या भांड्यांवरही आहे. खरं तर ते साहजिकच आहे. भांडं गोल, त्याच्याभोवती पट्टा भरायचाय, माणसं काढायचीत, तर हात धरून रांग लावली की पट्टा न तुटता पूर्ण होतो. गोल भांडंच अर्धा नाच सुचवतं! स्वतः सांकलियांना नावडाटोलीच्या काही भांड्यांच्या आकारात, विशेषतः लांब पन्हाळीसारखी चोच असलेल्या वाडग्यात, इराण दिसला होता. त्यावरून तिकडून लोक आले असावेत असं त्यांनी मांडलं. पुढच्या बऱ्याच अभ्यासकांना ते पटलं नाही. त्यांना इराण दिसला, मला डहाणू दिसलं. एवढ्या थोर माणसाच्या पंगतीला चुकून का होईना बसायला मिळालं, हेच समाधान.

मग माझे ते दोन परिच्छेद गेले कचऱ्यात. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

तर मडक्यावरच्या चित्रातून काहीच कळत नाही का? तसंही नाही. उलट जे कळतं ते मला गोष्टीपेक्षा जास्त आवडायला लागलंय. आपल्याच महाराष्ट्रातली जोर्वे भांडी घ्या. संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून हे नाव पडलं. काळ साधारण इसवी सनपूर्व १४०० ते ७००. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला तर डेक्कन कॉलेजने १९६८ पासून बारा-पंधरा वर्षं खणून अख्खं गाव उलगडलं. जोर्वे भांडं लाल, बिनचकाकीचं, आणि त्यावर काळ्या रंगात नक्षी. प्राणी अपवादाने. बहुतेक सगळ्या रेघा. समांतर रेघा, तिरक्या रेघा, जाळी, नागमोडी. यात गोष्ट शोधायला कुणी जात नाही, म्हणूनच बिचाऱ्यांची चर्चाही होत नाही.

पण जरा जवळून बघा. भांड्याभोवती गेलेली आडवी रेघ एकसारखी सरळ आहे. ती हाताने ओढलेली नाही. भांडं फिरतंय आणि कुंचला स्थिर धरलाय. रेघ जिथे स्वतःला भेटते तिथे दोन टोकं किंचित चुकतात. साडेतीन हजार वर्षांपूर्वीची ती केसभर चूक अजून तिथे आहे. तिरक्या रेघा एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक होत गेल्यात, म्हणजे कुंचला कुठे टेकला आणि कुठे उचलला ते कळतं. एक रेघ दुसरीवर चढली की आधी कुठली काढली ते कळतं. माती नीट गाळलेली, आवा चांगला तापलेला, हवा खेळती, म्हणून माती लाल भाजली. रंग लोहयुक्त मातीचा, भाजण्याआधी लावलेला, म्हणून तो धुतला गेला नाही. बोटाने टिचकी मारली तर चांगलं जोर्वे भांडं धातूसारखं खणखणतं असं म्हणतात. टिचकी मारायची परवानगी मला अर्थातच कुणी दिली नाही.

ग्रीक भांड्यांच्या बाबतीत जॉन बीझली नावाच्या विद्वानाने आयुष्यभर हेच केलं. सही नसलेल्या भांड्यांवरचे कान, घोटे, कपड्यांच्या चुण्या काढायची लकब बघून तो एकेका चित्रकाराचा हात ओळखायचा. नाव माहीत नाही, मग भांडं जिथे आहे त्या गावावरून 'बर्लिनचा चित्रकार' असं नाव द्यायचं. हे मला लगेच पटतं. आमच्या टीममध्ये कुठला कोड कुणी लिहिलाय हे नाव न बघता मी सांगू शकतो. त्याने तो का लिहिला हे मात्र कित्येकदा त्यालाही सांगता येत नाही.

त्याचाही एक किस्सा आहे. एका जुन्या प्रोग्रॅममध्ये आम्हाला एक ओळ सापडली होती. मार्च महिना असेल तर सात सेकंद थांब. आम्ही तिघांनी त्यावर आठवडाभर सिद्धांत रचले. आर्थिक वर्षअखेर, सर्व्हरवरचा ताण, बँकेची फाईल. एकाने तर त्यावर सुंदर आकृती काढली. शेवटी निवृत्त झालेल्या मूळ लेखकाला फोन लावला. ते म्हणाले, "अरे, तेव्हा आमच्याकडे एक प्रिंटर होता, मार्चमध्ये त्याच्यावर फार काम पडायचं आणि तो अडकायचा." आम्हाला फोन करायला माणूस होता. लोथलला कोण उचलणार?

आणि कदाचित उचलला असता तरी काय? आजी रोज दारात रांगोळी काढायची. गोपद्म, कमळ, आणि एक विशिष्ट वेल, उजवीकडे वळणारी. मी लहानपणी विचारलं होतं, ही अशीच का? ती म्हणाली होती, "अशीच असते."

भाचीला गेल्या रविवारी भेटलो तेव्हा हे सगळं (व्हीलर वगळून) सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मामा, उद्या द्यायचाय तो. मग मी लिहू काय?" मी म्हटलं, तू बघ. चार्टपेपर खराब होईल म्हणून खोडायचं नाही, असं ताईने बजावलेलं. तेव्हा पोरीने जुन्या वाक्याच्या शेवटच्या पूर्णविरामाचं पेनने प्रश्नचिन्ह केलं, आणि शेजारी उरलेल्या जागेत लहान अक्षरात लिहिलं, 'पक्ष्याच्या चोचीत मासा आहे. कोल्हा वर बघतोय.'

बाईंनी दहापैकी सात दिले. प्रश्नचिन्हाला लाल गोल केलाय. तो चुकीचा म्हणून की आवडला म्हणून, यावर ताई आणि भाची यांचं अजून एकमत झालेलं नाही.